उसनी नावं

मनकर्णामावशी कॉलेजच्या लायब्ररीत आली तेव्हा दुपारचे सव्वादोन झाले होते, आणि कौसरला आधी वाटलं, कोणीतरी गेलं. कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतली बाई विड्यांचं सूप बाजूला सारून भर मे महिन्यात सिटी बसनं शहरात येते ती दवाखान्यासाठी, नाहीतर मयतीसाठी. पुस्तकांशी तिचं काय काम? कॉलेजला सुट्टी लागलेली, वाचनकक्षात चिटपाखरू नाही, डोक्यावरचा पंखा गरम हवाच इकडची तिकडे करत होता. मावशीनं दारात चपला काढल्या, विहारात यावं तशी अंग चोरून आत आली आणि तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं काउंटरवर टेकवून उभी राहिली. कौसरनं पाणी पुढं केलं ते तिनं घेतलं नाही. "कौसर, त्या होडीवाल्याला माझ्या दिपकचं नाव दे," ती म्हणाली. कौसरनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. "रविवारी तूच म्हणलीस की, त्याला नाव न्हाय म्हणून. रिकामाच हाय त्यो. मग दे." एवढं बोलून बाई वळली, चपला पायात सरकवल्या आणि उन्हात निघूनही गेली. काउंटरच्या लाकडावर तिच्या दोन्ही हातांचे घामाचे ठसे होते. ते वाळून जाईपर्यंत कौसर त्यांच्याकडे बघत राहिली.

तिऱ्हाइताला यात भिण्यासारखं काही दिसायचं नाही. एका म्हातारीनं गोष्टीतल्या माणसाला आपल्या पोराचं नाव द्यायला सांगितलं, एवढंच. पण कौसर ज्याला भ्यायली त्याचं मूळ दीड वर्ष मागं होतं, आणि ते मूळ तिनं स्वतःच्या हातानं लावलेलं होतं. छत्तीस वर्षांची ही बाई त्या लायब्ररीत कंत्राटी मदतनीस. पुस्तकं लावायची, चिठ्ठ्या चिकटवायच्या, पोरांना ओरडायचं. पगार यथातथा, पण नवं पुस्तक आलं की पहिला वास तिचा. त्यातही तिला ओढ फँटसीची. जाडजूड, पहिल्या पानावर नकाशा असलेल्या, इंग्रजी कादंबऱ्यांची. अशी कादंबरी वाचून झाली की लायब्ररीतल्या अभिप्रायाच्या वहीत ती मत लिहायची. ती वही वाचकांसाठी ठेवलेली, पण तिच्यात कौसरखेरीज कुणी पेन टेकवत नसे. मतं मात्र रोखठोक. नऊ गडांच्या लढाईवरची एक सहाशे पानी कादंबरी होती, तिच्यावर लिहिलं, 'चाळीस हजारांचं सैन्य तीन महिने चालतंय आणि लेखकाला एकदाही चूल पेटवावीशी वाटली नाही.' समुद्राखालच्या काचेच्या शहरात लोक आपली सावली विकतात अशी दुसरी. तिच्यावर, 'भाषा रेशमासारखी, पण माणसं मारायची घाई फार. मेलेल्याबद्दल कुणी दोन दिवससुद्धा रडत नाही.' तिसरीबद्दल तर एकच ओळ होती, 'ड्रॅगन चांगला, बाकीचे सगळे बिनकामाचे.'

यातली चुलीची अक्कल खरं तर तिची नव्हती, अक्कम्माची होती. रविवारी दुपारी कौसरच्या दारातल्या पत्र्याच्या सावलीत चौघीजणी विड्या वळायला बसत. कौसरची आई कमरुन्निसा, अक्कलकोटकडची अक्कम्मा, रंभाबाई आणि मनकर्णा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, कात्रीचा कचकच आवाज. हात गुंतलेले आणि कान मोकळे. टीव्ही बघायचा तर मान वर करावी लागते आणि विडी बिघडते. म्हणून कौसर आठवडाभर वाचलेलं त्यांना सांगायची. पण ती परदेशी नावं त्यांच्या तोंडात बसेनात. नऊ गडांचा तो राजा आला की अक्कम्मा वैतागायची. एकदा म्हणाली, "काय की बाई ते नाव! दातात सुपारी अडकल्यावानी. त्याला आमच्या सिद्रामाचं दे. मानूस तसाच हुता, तापट." सिद्राम तिचा नवरा, जाऊन अकरा वर्षं झालेली. सगळ्या हसल्या, आणि त्या दिवसापासून नऊ गडांवर सिद्रामराजा राज्य करू लागला. मग कमरुन्निसानं पडक्या बुरुजावरच्या पहारेकऱ्याला राजेसाब म्हणायला सांगितलं, म्हणजे कौसरच्या वारलेल्या अब्बांचं नाव. अब्बा जन्मभर ट्रकवर, त्यांना रात्रीचं जागायची सवय. उसनवारी सोयीची होती. नावं लक्षात राहू लागली, आणि गोष्टीत कुणी चुकीचं वागलं की त्याच्या बायकोला हक्कानं लाजता येऊ लागलं.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी कौसर गोष्ट सुरू करणार, तेवढ्यात अक्कम्मा म्हणाली, "गडावरचं पाणी सपलंय न्हवं?" कौसर म्हणाली, नाही, अजून तसं काही झालं नाही. "सपलंय," अक्कम्मा पान कापता कापता म्हणाली. "सिद्राम आलता पहाटं. घसा कोरडा पडलाय म्हणला. हौद फुटला म्हणला, मागल्या बाजूचा." कौसरनं ते सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसांच्या स्वप्नांना काय धरबंद असतो? सोमवारी बसमध्ये तिनं पुढचं प्रकरण उघडलं. तिसऱ्याच पानावर गडाचा हौद फुटला होता. मागल्या बाजूचा. बस पाण्याच्या टाकीजवळच्या थांब्यावर थांबली होती, कंडक्टर कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत होता, आणि कौसर ती ओळ परत परत वाचत राहिली. पुस्तक इंग्रजीत. अक्कम्माला मराठीसुद्धा सही करण्यापुरतंच लिहिता येई. पंधरा दिवसांनी एका सकाळी चहा ओतताना आई सहज म्हणाली, "तेरे अब्बा आए थे फजरको. बुर्ज पो मत जाओ कते, सीडी सडेली है." अब्बा पहाटे आले, म्हणाले, बुरुजावर जाऊ नका, जिना सडलाय. त्या आठवड्यात कादंबरीतला बुरुजाचा जिना तीन शिपायांसकट कोसळला. कौसरला भीती वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. पाच वर्षांत अब्बा एकदाही तिच्या स्वप्नात आले नव्हते. तिनं ते बोलून दाखवलं तेव्हा अक्कम्मा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली होती, "ज्याचं मानूस हाय, त्याच्याच उशाशी येतंय गं. तुजं कोन आसंल ते तुज्याकडं यील."

तेव्हापासून कौसरनं एक पथ्य पाळलं. गोष्ट जिथपर्यंत सांगितली, त्याच्या पुढचं पान वाचायचं नाही. रविवारी सकाळी एक प्रकरण वाचायचं आणि दुपारी सांगायचं. चार कादंबऱ्या अशा झाल्या. तिची मतंही हळूहळू बदलली. आता ती शैली आणि रचना असलं काही बघेना. या पुस्तकात आपली माणसं नीट राहतील का, हे बघायची. थंडी फार आहे का, खायला मिळतं का, लेखक मारकुटा तर नाही. एक फार गाजलेली कादंबरी तिनं चाळीस पानांवर मिटली आणि वहीत लिहिलं, 'घर म्हणून योग्य नाही.' नंतर आलेल्या प्राध्यापकांनी ते वाचून तिला विचारलं, म्हणजे काय हो? ती म्हणाली, काही नाही सर, चुकून लिहिलं. एकदा रंभाबाईनं गंमत म्हणून एका चोराला आपल्या भावाचं, जोतिरामाचं नाव दिलं. जोतिराम मोडनिंबला धडधाकट, दोन म्हशी राखून. महिनाभर चोर गोष्टीत धुमाकूळ घालत होता, पण रंभाबाईला स्वप्न म्हणून पडलं नाही. "जित्याला कुटली सवड?" अक्कम्मा म्हणाली होती. "त्याला म्हशी हायत." सगळ्या खळखळून हसल्या होत्या. मनकर्णामावशी तेवढी हसली नव्हती, हे कौसरला आज काउंटरमागं बसल्यावर लख्ख आठवलं. तिनं हातातली विडी अर्धवट वळून तशीच धरली होती. म्हणजे तेव्हापासून हे तिच्या मनात शिजत होतं. जिता असेल तर येणार नाही. आला, तर नाही.

दिपक आठ वर्षांपूर्वी पुण्याला जातो म्हणून गेला. पहिले चार महिने फोन आले, मग फोन बंद. मावशी पुण्याला तीनदा जाऊन आली, चौकीत तक्रार दिली, फोटो दिला. कुणी म्हणे कोकणात दिसला, कुणी म्हणे दुबईला गेला. मुलाचा फोटो तिनं भिंतीला लावला नव्हता, कारण लावला तर हार घालावा लागेल. कौसरचं म्हणाल तर तिला या न कळण्याची सवय झाली होती. दुखरा दात माणूस जिभेनं अधूनमधून चाचपतो आणि काढायला मात्र जात नाही, त्यातली गत. कारण हे वेड तिला लावलं ते दिपकनं. तो रद्दीच्या दुकानात कामाला होता, आणि तिथं वजनावर विकायला आलेली इंग्रजी पुस्तकं तो तिला आणून दाखवायचा. एकदा सातशे पानांचं एक धूड मिळालं. कव्हर नाही, नाव नाही, लेखक नाही. दोघांनाही ते आत्ताच्या आत्ता वाचायचं होतं. दिपकनं ते गुडघ्यावर धरलं आणि शिवणीत बरोबर मधोमध फाडलं. "अर्धं तुझं, अर्धं माझं. झालं की बदलू." ती किंचाळली होती. पुस्तक फाडणारा माणूस तिनं पहिल्यांदाच बघितला. तिचा पहिला भाग वाचून झाला तोवर तो पुण्याला गेला होता. शेवटच्या पानावर वाक्य मधेच तुटलेलं होतं. बाई दार उघडते आणि बाहेर, एवढंच. दुसरा भाग त्यानं सोबत नेला असणार. मोबाइलवर शोधलं असतं तर ते पुस्तक तिला दहा मिनिटांत सापडलं असतं. तिनं आठ वर्षांत शोधलं नाही. त्या दोघांमध्ये काय होतं, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगताही आलं नसतं. एक पुस्तक होतं. तो एका समाजातला, ती दुसऱ्या समाजातली. बोलायच्या आधीच बोलून काय होणार हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून ते पुस्तकांवर बोलत.

आणि आता हा होडीवाला. चालू कादंबरी धुक्याच्या तळ्याची होती. वहीत तिनं तिच्याबद्दल अर्धवट मत लिहूनही ठेवलं होतं, 'फार दिवसांनी घाई नसलेलं पुस्तक. धुकं खरं वाटतं.' तळ्याच्या दोन्ही काठांना एक दोर बांधलेला, आणि तो दोर ओढत ओढत होडीवाला लोकांना पलीकडे पोचवतो. पलीकडे काय आहे ते कुणी सांगत नाही. त्याला त्याचं स्वतःचं नाव आठवत नाही. रविवारी हे सांगताना कौसरनं मनकर्णामावशीकडे बघितलं नव्हतं. बघायला हवं होतं. मावशी लायब्ररीत आली त्या बुधवारपासून शनिवारपर्यंत तिला जेवण गेलं नाही. नाव द्यायचं नाही म्हटलं तर मावशी विचारणार, का? तुला काय ठाऊक हाय? दिलं, तर. एकदा वाटलं पुस्तक हरवलं म्हणून सांगावं. पण लायब्ररीतल्या बाईनं पुस्तक हरवलं यावर कोण विश्वास ठेवणार, आणि तेही कौसरनं!

रविवारी तिनं नाव दिलं. "मग दिपकनं दोर धरला," ती म्हणाली, आणि चारही कात्र्या एकदम थांबल्या. कमरुन्निसा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. मनकर्णामावशीनं फक्त पदर सावरला आणि म्हणाली, "थांबू नगो. सांग की." सोमवारी सकाळी कौसर बसची वाट बघत होती तर मावशी थांब्यावर आली. "न्हाय आला," ती म्हणाली. मंगळवारी पुन्हा आली. "न्हाय आला बघ. सिद्राम तर दुसऱ्याच दिवशी आलता म्हनं अक्कम्माकडं." तिच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती सैल झाल्यासारखी वाटत होती. कौसरला इतका आनंद झाला की तिनं रस्त्यातच मावशीचा हात घट्ट दाबला. बुधवारी मावशीनं डब्यात शेंगापोळी आणून दिली.

त्याच बुधवारी, सव्वादोनला, दिपक लायब्ररीत आला. कौसरचा डोळा लागला होता म्हणा. ती स्वतः तसंच म्हणते. पंखा फिरत होता, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ चालू होतं, खिडकीतून ऊन आत येऊन फरशीवर चौकोन पडला होता, आणि त्या चौकोनातून चालत तो आला. त्यानं दारात चपला काढल्या नाहीत, कारण पायात चपला नव्हत्या. आईसारखेच दोन्ही हात काउंटरवर टेकवून उभा राहिला. पँटचे काठ ओले, गुडघ्यापर्यंत. तो अठ्ठावीस वर्षांचाच होता, आणि हेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं. तिचे केस कानशिलावर पिकले होते आणि तो मात्र तसाच. "दोर कापलाय," तो म्हणाला, रद्दीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात. "पल्याडच्या काठाला. कुणी कापला म्हायीत न्हाय. आईला सांगू नगो, ती होडीत बसायला येईल." कौसरला विचारायचं होतं ते वेगळंच होतं, पण तोंडून निघालं, "पुस्तक?" तो हसला. हसताना पूर्वीसारखाच एका बाजूला कलला. मग तो चौकोनातून परत गेला, आणि ऊन जागच्या जागी होतं. काउंटरवर हात फिरवला तर कोरडा ठणठणीत. सकाळपासूनची धूळसुद्धा मोडली नव्हती.

दीड वर्ष पाळलेलं पथ्य तिनं उभ्या उभ्या मोडलं. बसच्या तिकिटाची खूण काढली आणि पुढचं पान उघडलं. सात ओळी. सातव्या ओळीत होडीवाला धुक्यात दोर ओढतो आणि दोर सैल होऊन हातात येतो. दुसरं टोक कापलेलं असतं. कौसरनं पुस्तक मिटलं आणि मघापासून आपण उभ्याच आहोत हे ध्यानात येऊन खाली बसली. तर असं. दिपक नाही. कुठल्यातरी पाण्यात, कुठल्यातरी काठाशी, आठ वर्षांपासून नाही. हे आता जगात एकट्या तिला कळलं होतं. रडू यायला हवं होतं, पण आधी दुसरंच आलं. अक्कम्माचं वाक्य. ज्याचं माणूस, त्याच्याच उशाशी येतं. तो आईकडे गेला नव्हता. तो इथं आला होता. आठ वर्षं जे दोघांपैकी कुणी बोललं नाही ते तो असं बोलून गेला, आणि तिला उत्तर द्यायचीही सोय ठेवली नाही. मग ती रडली. सुट्टीत रिकाम्या वाचनकक्षात रडायला कुणाची बंदी नसते.

रविवारी तिनं जन्मात पहिल्यांदा पुस्तकाशी खोटेपणा केला. दोर शाबूत ठेवला. होडी पलीकडे लागली, धुकं फाटलं, आणि दिपक होडीतून उतरून कोरड्या वाटेनं चालत गेला. "कुटं गेला?" मनकर्णामावशीनं विचारलं. "गावात," कौसर म्हणाली. "तिथं काम मिळालं त्याला." अक्कम्मानं मान वर करून कौसरकडे बराच वेळ बघितलं. सोमवारी कौसरनं कादंबरी कपाटात लावून टाकली. अभिप्रायाच्या वहीत अर्ध्या मताच्या खाली लिहिलं, 'पुस्तक उत्तम. शेवट वाचला नाही, वाचणार नाही.' पण गोष्ट काही कपाटात लागली नाही. दर रविवारी मावशीला पुढचं हवं. कुठं राहतो, भाडं परवडतं का, भाजी कोण करतं. आणि दर बुधवारी, सव्वादोनला, पंख्याखाली, ओल्या काठांची पँट घालून तो यायचा आणि खरं काय घडलं ते सांगायचा. पाणी चढतंय. होडीत पाणी शिरलंय. थंडी हाय. ती ऐकून घ्यायची आणि रविवारी त्याच्या नेमकं उलटं सांगायची. त्यानं थंडी म्हटलं की ती त्याला चूल पेटवून द्यायची. त्यानं पाणी म्हटलं की ती त्याचं छप्पर शाकारायची. चाळीस हजारांच्या सैन्याला न मिळालेली भाकरी तिनं एकट्या माणसाला चारी ठाव मिळवून दिली. आणि कसं कोण जाणे, जूनच्या दुसऱ्या बुधवारी तो आला तेव्हा पँटचे काठ वाळलेले होते. नुसता उभा राहून गेला.

त्या रविवारी मनकर्णामावशीनं विचारलं, "लगीन केलं का त्यानं?"

कौसरच्या हातात उगाच एक पान होतं, ते फाटलं. कमरुन्निसानं लेकीकडे बघितलं आणि मान खाली घातली. "केलं," कौसर म्हणाली.

"पोरगी कशी हाय?"

"बरी आहे. फार बोलत नाही." मग तिच्यानं राहवलं नाही. "पुस्तकं वाचते."

"हां," मावशी म्हणाली आणि विडीचा दोरा दातानं तोडला. बाकीच्या निघाल्या तरी ती बसून राहिली. सूप झाडलं, फडकं पिळलं, मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून कौसरच्या मांडीवर ठेवलं. कागद न सोडवताच वजनावरून कौसरला कळलं. कव्हर नव्हतं. एका बाजूला फाटलेली शिवण आणि लोंबणारा दोरा. "त्याच्या ट्रंकंत हुतं," मावशी म्हणाली. "निम्मंच हाय. निम्मं त्या पोरीकडं आसंल की. तिला पोचतं कर."

पहिल्या पानावर तुटलेल्या वाक्याचा उरलेला तुकडा होता. कौसरनं त्याच्यावर तळहात ठेवला, वाचला नाही. "मावशी," ती म्हणाली. "मावशी, तो तुमच्याकडं..."

"न्हाय," मनकर्णामावशी म्हणाली. "माझ्याकडं न्हाय आला." तिनं 'माझ्याकडं' असं म्हटलं आणि कौसरचे पिकले केस कानामागं सारले. तिच्या बोटांना तंबाखूचा वास होता, डोळे कोरडे होते. मग तिनं झाडलेलं सूप पुन्हा मांडीवर ओढलं, फडक्यातून एक ओलं पान काढलं आणि कात्री उचलली.

"सांग पुढं," ती म्हणाली. "सून काय रांधती त्याला?"

कौसरनं पुस्तक मांडीवरच राहू दिलं आणि चुलीपासून सुरुवात केली.